राजकन्येचे गुडघे आणि सकाळचा शाप

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांसारखी बोलत आणि झरे खरं-खोटं ओळखत, एक भलतंच दुखणं आलं होतं. पोरं तेरा वर्षांची झाली की पहाटे त्यांचे गुडघे सुजून टम्म होत, बोटं वळेनात. उन्हं चढली की सूज ओसरे आणि दुपारी तीच पोरं अंगणात हुंदडत. पण राजाचं भोजन झाल्याशिवाय राजवैद्याने कुणाची नाडी धरायची नाही, अशी तिथली रीत. दुपारी यायचं, गुडघा दाबायचा आणि म्हणायचं, "सोंग आहे, महाराज!" झालं, लागला निकाल.

राजकन्या हंसावली तेरा वर्षांची झाली आणि तिचेही गुडघे धरले. राजा वीरकेतू म्हणाला, "राजाच्या लेकीला लबाडी शोभत नाही." दुखण्यापेक्षा हे बोल तिला लागले. बापाने एकदा आपलं खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजकन्ये, हा शाप आहे. तुझ्या पणजोबांनी मांत्रिकाच्या आजारी पोराला लबाड म्हटलं, तेव्हापासूनचा. तीन कामं कर. सत्यकुंडाचं ऊन पाणी आण. नागाच्या बनातला निर्गुडीचा पाला आण. आणि जो तुला लबाड म्हणतो, त्याने तुझं खरं मानून तो पाला भल्या सकाळी तुला बांधायला हवा."

हंसावली निघाली. सकाळभर झाडाखाली पाय पसरून बसायची, दुपारी चालायची. सत्यकुंडात लबाडाने हात घातला की पाणी गोठे. तिने घातला, तर वाफा निघाल्या. इतकं बरं वाटलं तिला, की रडूच आलं.

बनात नागाने फणा काढला. "सूर्य मावळायला आला. एवढा उशीर?"

"गुडघे सोडतील तेव्हा निघते, नागराज."

"गुडघे म्हणजे काय?"

तिने सांगितलं. नाग विचारात पडला. "बरंय बाई, आम्हाला नाहीत ते!" म्हणाला आणि त्याने पाल्याची जुडी दिली.

तिसरं काम मात्र अवघड. ती परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी साळुंकी राजाच्या उशाशी जाऊन अशी काही किंचाळली, की राजा धडपडत लेकीच्या महालात आला. मागून पगडी सावरत राजवैद्य. "महाराज, भोजनाआधी? रीत मोडेल!"

समोर हंसावली पलंगाचा खांब धरून उठू बघत होती. पाय वाकत नव्हता. राजाने गुडघ्याला हात लावला, तो चटकाच बसला.

"रोज असंच?"

"रोज, बाबा."

राजा तिच्या पायाशी बसला. तिने सांगितलं तसा सत्यकुंडाच्या पाण्यात पाला भिजवून त्याने आपल्या हाताने बांधला. "चुकलो, पोरी. आता कसं वाटतंय?"

"गुडघे मोकळे झाले. मनगट ठणकतंय."

वैद्य वाकून म्हणाले, "मनगट तर चांगलं दिसतंय."

"ती म्हणते ना दुखतंय," राजा म्हणाला. "पाला द्या इकडे."

न दिसणारं दुखणंही खरं मानून बांधलेली ती गाठ बसली आणि शाप तुटला. घरोघरी पोरं उठून उभी राहिली. राजाने दवंडी पिटवली, की वैद्याने आधी दुखणाईताकडे जावं, मग राजाने जेवावं. कधी जेवण निवायचं, पण त्या राज्यात कुणी कुरकुर केली नाही.