चाळणीवर उरलेल्या कण्या

माणसं नुकतीच ज्वारी दळायला शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. दळून झालं की न्याय चाळणीचा. खाली पडलेलं पीठ माणसांच्या भाकरीला, वर उरलेल्या कण्या कोंबड्यांना.

"पीठ होता आलं नाही तुम्हाला," चाळण कण्यांना रोज ऐकवायची.

"दळणारं जातं, निवडणारी तू. यात आमचं काय चुकलं, ते तरी सांग की बाई," कण्या म्हणायच्या. चाळण अंग झटकायची आणि त्या अंगणात जाऊन पडायच्या.

एकदा घरची सरजाबाई तापाने अंथरुणाला खिळली. सून तुळसाने भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी घास घशाखाली उतरेना. चौथ्या दिवशी तिला डोळेही उघडवेनात. खुंटीवरची चाळण बघत होती. सरजाबाईच्या याच हातांनी तिला रोज धरलं होतं.

"तुळसा, आम्हाला मडक्यात टाक," कण्या म्हणाल्या.

"कोंबड्यांचं खाणं आजाऱ्याला?" चाळण सवयीने बोलून गेली. मग तिचा आवाज पडला. "टाक गं. लवकर टाक."

"आम्हाला शिजायला वेळ लागतो," कण्या म्हणाल्या. "चूल तेवढी विझू देऊ नकोस."

मऊ शिजलेल्या कण्यांत तुळसाने ताक आणि मीठ घातलं. पहिला घोट सरजाबाईच्या ओठांवरूनच ओघळला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला तिने स्वतःहून तोंड उघडलं.

महिन्याने ती पुन्हा दळायला बसली. पीठ खाली पडलं. चाळणीने या वेळी अंग झटकलं नाही. सरजाबाईने कण्या ओंजळीत घेऊन मडक्यात टाकेपर्यंत ती त्यांना धरून राहिली. दाराशी जमलेल्या कोंबड्यांनी बराच वेळ वाट पाहिली.