पहिल्या पानाचा मान

जनावरं बोलत होती त्या काळी एका रानात दरसाल हुतूतू रंगे. गडी कुणी आधी निवडायचे, ते ठरवायला कप्तान वानरदादा प्रत्येक कप्तानाच्या खुणेचं पान मडक्यात टाकून एकेक काढी. पहिलं पान नेमकं त्याचंच निघे. चपळ हरीण तो नेई आणि कप्तान साळूच्या वाट्याला शेवटी कासव उरे.

यंदाही वानराचा हात मडक्यात गेला, तशी साळू काटे फुलवून पुढे झाली. ती बोलली, "दादा, यंदा पहिलं पान ज्याचं, त्यानं शेवटी निवडायचं."

"चालेल, चालेल!" बाकीचे कप्तान ओरडले.

वानराचा हात मडक्यातच थबकला. मग आत बराच वेळ पानं चाळल्याची खसफस होत राहिली, आणि ती सगळ्या रानानं ऐकली.