कुंभारणीची टिचकी

राजांची नावंसुद्धा लोक विसरून गेले, इतक्या जुन्या काळी एका गावात एक कुंभारीण राहायची. टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय ती स्वतःच्या हातचं मडकंही विकत नसे. नवरा हाताचा गुणी, पण कानाचा हलका. असतात अशी माणसं, आणि आपल्याला आवडतातही.

त्या गावात दर बाजारी दवंडी पिटली जाई. एकदा दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका! खालच्या आळीतल्या घरांचे भाव पडले! तीस पोती जोंधळ्याचं घर वीस पोत्यांवर आलं!" पुढच्या बाजारी पंधरा.

कुंभाराचं घर खालच्या आळीतच. मागे भट्टी, पुढे माती मळायला अंगण. तो घामाघूम होऊन घरी आला.

"अगं, वरच्या आळीतले शेटजी अजूनही बारा पोती द्यायला तयार आहेत. हो म्हणून येतो! उद्या कुणी फुकट घेणार नाही."

"अहो, पण विकलं कुणी घर?"

"भाव पडले म्हणजे विकलीच असतील की!"

"आणि आपण चाक कुठे फिरवायचं? शेटजींच्या डोक्यावर? मी येईपर्यंत हलायचं नाही!"

पदराला हात पुसून ती आळीत निघाली. पहिल्या घरातली म्हणाली, "आमचं नाही बाई, पलीकडच्यांचं ऐकलंय." पलीकडचीनं त्याच्या पलीकडे बोट दाखवलं. अशी अख्खी आळी संपली, आणि शेवटचं बोट वळलं ते कुंभारणीच्याच घराकडे. "तुम्हीच विकताय ना?"

दवंडीवाला पारावर भाकरी खात बसला होता.

"काय रे बाबा, खालच्या आळीत विकलं गेलं तरी काय?"

"एक गोठा, मावशी."

"छप्पर आहे त्याला?"

"नाही."

"विकला कुणी?"

"शेटजींनी."

"घेतला कुणी?"

"त्यांच्या मेहुण्यानं."

"आणि दवंडी कुणाची?"

त्याच्या भाकरीवर शेटजींच्या घरचा लोण्याचा गोळा होता.

कुंभारीण हसली. "खा बाबा, लोण्याचा काय दोष! पण यापुढे गोठ्याला गोठा म्हण."

घर वाचलं. पुढच्या बाजारी मेहुण्याला गोठा विकायचा होता, म्हणून दवंडी फिरली, "भाव चढले हो! पन्नास पोती!"

कुंभाराचे डोळे लकाकले. "अगं, आता विकूया का?"

तिनं त्याच्या टाळक्यावर हलकेच टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. "कच्चंच आहे अजून. भट्टीत घालावं लागेल."

दोघंही पोट धरून हसली. तेव्हापासून भावाची दवंडी आली की दारादारातून बायका विचारत, "विकलं कुणी? घेतलं कुणी?" तो गोठा मात्र गिऱ्हाइकाविना तसाच उघडा राहिला.

म्हणून लक्षात ठेवा: घराचा भाव कुणीही सांगो, विकलं कुणी आणि घेतलं कुणी हे विचारल्याशिवाय आपला उंबरठा सोडू नये.