नांदरखोऱ्याची सगुणा कासारीण

फार वर्षांपूर्वी नांदरखोऱ्याला गाडीवाटही नव्हती. माल यायचा तो बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून. त्या काळी सगुणा कासारीण बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून पायी यायची. अंगानं जाडजूड, बोलायला खणखणीत. ती ओढा ओलांडायच्या आधी तिच्या बांगड्यांचा आवाज गावात पोचायचा, असं म्हणतात.

गावात तेव्हा एक रीत होती. कुणी अंथरुणाला खिळलं, की त्याला पहिला पाण्याचा घोट ज्याच्या हातून गेला, त्याच हातानं शेवटपर्यंत सगळं करायचं. हात बदलला की यमाला वाट सापडते, ही सगळ्यांची भीती. त्यामुळं घर माणसांनी भरलेलं असलं तरी आजाऱ्यापाशी एकच जीव. बाकीच्यांना वाईट वाटायचं, पण पाऊल पुढं कोण टाकणार?

गुणाजीबाबा खळ्यावर कोसळला, अर्धं अंग लुळं पडलं, आणि त्याच्या सुनेनं, तानानं, धावत जाऊन तोंडाला तांब्या लावला. झालं. त्या दिवसापासून ताना त्या खाटेला बांधली गेली. म्हातारा भान सुटलं की मेलेल्या बैलाला हाका मारायचा. ताना चुलीपाशी गेली तरी ओरडायचा. ती उभ्यानं भाकरी खायची. डोळा लागला की दचकून उठायची आणि त्याच्या नाकापुढं बोट धरायची. नवरा हैबती उंबऱ्यातूनच विचारायचा, "बरं आहे ना?" कुणाबद्दल विचारतोय, हे त्यालाही ठाऊक नसावं.

पंचमीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी सगुणा आली. तिनं तानाचा हात धरला, तशा जुन्या बांगड्या घरंगळत बोटांपर्यंत आल्या.

"अगं बाई, हा हात आहे का पळीचा दांडा?"

ताना हसली नाही. "मावशी, लहान माप भरा. पोरीबाळींचं."

सगुणाचं हसू मावळलं. कासारणीला गिऱ्हाइकाचं तोंड नंतर दिसतं, मनगट आधी. याच गावात एका बाईनं असंच लहान माप मागितलं होतं. नवऱ्याचं दुखणं काढता काढता तीच आधी गेली. नवरा मागं राहिला.

"लहान माप मी तुला भरणार नाही," सगुणा म्हणाली. "आज भरलं, तर पुढल्या खेपेला तुझ्या दारात यायचं कारणच उरणार नाही मला."

"मग काय करू? पहिलं पाणी माझ्याच हातचं गेलंय."

सगुणानं तिला नव्या बांगड्या भरल्या, तिच्या मूळच्या मापाच्या, आणि निसटू नयेत म्हणून मनगटाला सुताचा वेढा दिला. मग तानाच्या जुन्या बांगड्या ती स्वतःच्या हातात चढवायला लागली. तळवा मुडपला, हाडं दाबली, डोळ्यांत पाणी आलं. पण एक काच तडकली नाही, असं म्हणतात.

"या बांगड्या कुणाच्या?" तिनं हैबतीला विचारलं.

"तानीच्या."

"मग हा हातही तिचाच. हो बाजूला."

बघता बघता दारात गाव गोळा झालं. हैबती उंबऱ्यातच अडून राहिला. "मावशी, बाबाला काही झालं तर?"

"झालं तर मला शिव्या दे. आता तांब्या दे."

म्हातारा ओठ घट्ट मिटून पडला होता. सगुणानं तांब्या जवळ नेला. ओळखीच्या बांगड्या वाजल्या आणि ओठ उघडले. पाणी आत गेलं. दारातल्या माणसांनी तेव्हा कुठं श्वास सोडला.

"जा आता," सगुणा तानाला म्हणाली.

"कुठं जाऊ?"

तिला खरंच सुचत नव्हतं. चालत ओढ्यापर्यंत गेली, चिंचेखाली टेकली आणि झोपली. ती उठेपर्यंत ओढा आवाज न करता वाहत होता, असं म्हणतात. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ती पळत सुटली, वाटेत भेटेल त्याच्या तोंडाकडं बघत, की याला काही कळलंय का. दारात पोचली, तर म्हातारा बैलाची गोष्ट सांगत होता आणि सगुणा म्हणत होती, "बाबा, मघाशी शिंगं एवढी लांब नव्हती हो!"

पुढच्या बाजाराला त्या बांगड्या तानाच्या जावेनं घातल्या. नंतर हैबतीनं. त्याच्या हातात कुठल्या शिरायला, त्यानं त्या मुठीत धरून वाजवल्या. थंडीत गुणाजीबाबा गेला. शेवटचं पाणी लेकाच्या हातचं, आणि ताना तेव्हा माहेरी. हात बदलला म्हणून गेला, असं चार तोंडं बोललीच. पण तानाच्या मनगटाला आता सुताचा वेढा लागत नव्हता, हेही त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं.

सगुणा कधी वारली, कुणाला माहीत नाही. एकाच दुपारी ती तीन गावांत तीन खाटांपाशी बसलेली दिसायची, असं म्हणतात.

आजही नांदरखोऱ्यात बाजाराच्या दिवशी, ज्या घरात लांबलेलं दुखणं आहे तिथं शेजारचं कुणीतरी येतं. दुखणं काढणाऱ्याची बांगडी, टॉवेल, टोपी, जे असेल ते मागून अंगावर घालतं आणि 'सगुणामावशी आली' म्हणून खाटेपाशी बसतं. त्या दिवसापुरतं सुटलेल्या माणसानं दिवेलागणीपर्यंत घरी फिरकायचं नाही.

परवाच्या बाजाराला एकजण माझ्या दुकानात आला. बायको वर्षभर अंथरुणावर आहे त्याची. शेंगांच्या पोत्यावर बसला, गुळाचा खडा चघळत रस्त्यावरची माणसं बघत राहिला. घेतलं काही नाही. दिवे लागल्यावर "येतो शेठ," म्हणून उठला. दिवसभर कुठं होतास, असं त्याला घरी कुणी विचारणार नव्हतं.