राघो तांडेलाचा ताजा पेपर

"मुंबईचा ताजा पेपर आणला तर सगळ्यांसमोर घडाघडा वाचशील?" अशी पैज आमच्यातल्या वयस्कर कासमचाचाने लावली, आणि आमच्या खलाशांचा मुकादम राघो तांडेल फुशारकीत "आण की!" म्हणून बसला.

आमची आगबोट तेव्हा लंडनच्या गोदीत उभी होती. आम्हा खलाशांत वाचणारा तांडेल एकटाच, निदान सांगायचा तरी तसं. मी तर दुसरीतच शाळेला टांग मारलेली. आदल्या दिवशी त्याने पेपर वाचला होता, "कोकणात पावसाचा थेंब नाही, विहिरी आटल्या! घरी जाऊन खाणार काय? पुढच्या सफरीच्या करारावर अंगठे लावा." दोन वर्षं घर न बघितलेले गडी पार रडवेले झाले.

मी मुंबईहून नुकत्याच आलेल्या शेजारच्या बोटीवर जाऊन आल्याचं सोंग केलं आणि पेपर त्याच्या हातात दिला. तांडेलाने घसा खाकरला.

"अरे देवा! कोकणात पूर आलाय रे! खाडीकाठची घरं वाहून गेली! आता जाणार कुठे? लावा अंगठे!"

"तांडेलमामा," मी म्हटलं, "हा कालचाच पेपर. तुमच्याच उशाखालून काढलाय. तुमच्या बोटांचं डांबर बघा त्याच्यावर. काल ह्यात दुष्काळ होता, आज पूर! रात्रभर उशाखाली पाऊस पडत होता काय?"

गडी पोट धरधरून हसले. एकानेही अंगठा लावला नाही.

"राघो," कासमचाचा म्हणाला, "खरं बोल. वाचता येतं?"

तांडेलाने पेपरची घडी केली. "नाही रे चाचा. पण दर अंगठ्यामागे कप्तान मला दारूची एक बाटली देतो."