हैबती आचाऱ्याचं तिसरं मडकं

एका संस्थानात हैबती नावाचा एक आचारी होता. राजवाड्याचा सगळा मुदपाकखाना त्याच्या हातात. तीनशे पानांची पंगत असो की महाराजांची एकट्याची खिचडी, हैबतीच्या हातून मीठ कधी जास्त पडलं नाही की भात कधी करपला नाही. महाराज पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमच्या हैबतीच्या हातचं आजवर काही नासलं नाही." हे ऐकलं की हैबतीच्या मिशा आपोआप वर जात. माणूस गुणी होता, यात शंका नाही. पण गुणाला गर्वाची फोडणी जरा जास्तच बसली होती.

त्याला एकच मुलगी, मंजुळा. तिला डोंगरावरच्या भोरकडा गावातलं स्थळ सांगून आलं. मुलगा कष्टाळू, घर खाऊनपिऊन सुखी, आणि मंजुळेच्याही तो मनात भरलेला. अडचण होती ती गावाच्या रीतीची. सोयरीक ठरवायच्या दिवशी मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने केलेली जवाची सुरा घेऊन यायची. जव मुलाकडचे, मेहनत बापाची. मुलाकडच्या वडीलधाऱ्या बाईने ती सुरा प्यायली तर सोयरीक झाली. तिने वाटी तशीच खाली ठेवली, तर आल्या वाटेने परत जायचं.

आता सुरा म्हटल्यावर नाकं मुरडू नका. जवाला मोड आणायचे, त्याचा गोड रस काढायचा आणि तो आंबवायचा, की हे हलकं, फेसाळ पेय तयार होतं. शहरातली मंडळी हिलाच बियर म्हणतात. भोरकड्याचे लोक ती सणासुदीला वाटीने पीत. तिच्यात गोडी यायची ती फक्त धान्याची. गूळ घालून फसफसवलेली सुरा ते कुणापुढे ठेवत नसत.

मुलाकडून मोड आणून वाळवलेले तीन पायल्या जव आले. ते पाहून हैबती हसला. "सोळा पक्वान्नं करणाऱ्याला एक मडकं सुरा जड जाणार होय?"

त्याने कुणाला काही विचारलं नाही. दीड पायली जव भरडले, मोठ्या मडक्यात पाण्यात घातले आणि खाली चांगला धडधडून जाळ केला. पेजेसारखं ढवळत बसला. पेजेसारखं ढवळलं तर पेजच होणार! घट्ट लापशी झाली, गोडीचा पत्ता नाही. तरी त्याने ती झाकून ठेवली. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर वर हिरवी बुरशी आणि वास असा की शेजारी विचारायला आले.

"म्हशीचं आंबोण आहे," हैबती म्हणाला आणि खरोखरच ते म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. हैबती राजाचा आचारी आहे, हे तिला कुठलं ठाऊक!

मुदपाकखान्यात ठकू नावाची एक बाई चौदा वर्षं भांडी घाशीत होती. ती भोरकड्याचीच. "ठके, हे घास" आणि "ठके, ते घास" यापलीकडे हैबती तिच्याशी कधी बोलला नव्हता. त्या दिवशी तो तिच्याजवळ जाऊन उगाच घुटमळला.

"ठके, तुमच्याकडे ती सुरा करतात, ती कशी गं करतात?"

"कोन करनार हाय?"

"मीच."

ठकूने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग आदी मडकं घासा."

"मी?"

"मडकं तुमचंच न्हवं?"

राजाच्या आचाऱ्याने राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि मडकं घासलं. ठकूने आत नाक घालून पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिलं. "हळदीचा वास येतुया." त्याने पुन्हा घासलं. तिने पुन्हा परत दिलं. तिसऱ्या खेपेला वर उकळतं पाणी ओतायला लावलं, तेव्हा कुठे तिची मान डोलली. "ह्यात आदलं काय बी ऱ्हायलं तर सुरा नासती. निम्मी सुरा घासन्यात हाय, मालक." हैबतीला राग आला होता, पण काय करतो? अडला हरी!

मग तिने पाणी तापवायला सांगितलं. "बोट बुडवा. 'एक' म्हनंस्तवर ऱ्हायलं पायजे, 'दोन' म्हनायच्या आत निगालं पायजे. तेवडंच ऊन. त्यात पायलीभर जवाची भरड घाला आनि मडक्याला घोंगडी गुंडाळा. उकळायचं न्हाई. कोंबडी अंड्यावर बसती, तसं नुसतं उबवायचं."

तीन घटका झाल्या. हैबतीने घोंगडी सोडली आणि रसात बोट घालून चाटलं. तो बघतच राहिला. गूळ नाही, साखर नाही, मधाचा थेंब नाही, आणि रस मधासारखा गोड! तीस वर्षं तो जव शिजवत आला होता. त्या दाण्याच्या पोटात एवढी गोडी आहे, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

रस कापडातून गाळला. कडवटपणासाठी त्यात काडेचिराईताच्या चार काड्या टाकून उकळला, निववला. ठकूने भावाच्या घरून सुरेचं विरजण आणलं होतं, ते घातलं. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं, वर झाकण ठेवलं. "आता आट दीस ह्याला हात लावू नका," ठकूने बजावलं.

पण आचारी तो आचारी. चाखल्याशिवाय त्याला चैन कुठली? सकाळी उठला की पळी, जेवायच्या आधी पळी, जेवण झालं की पळी. पाचव्या दिवशी त्याने पळीभर तोंडात घेतली आणि डोळे घट्ट मिटले. आंबट ढाण! दात आंबले.

ठकूने वास घेतला. "कितींदा उगडलं?"

"एकदोनदा."

ठकूने नुसतं पळीकडे बोट दाखवलं. हैबतीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "रोज आठदहा वेळा."

"मग ती सुरा न्हाई जाली मालक, पानपोई जाली."

आता अर्धीच पायली जव उरले होते. सोयरिकीला बारा दिवस होते. अर्ध्या पायलीत एक लहानसं मडकं होणार, आणि तेही बिघडलं तर मंजुळेचं लग्न तिथेच संपलं. हैबतीची झोप उडाली. बायको, द्वारका, व्यवहाराची बाई. ती म्हणाली, "अहो, कशाला जिवाला घोर लावून घेता? सुरा विकणाऱ्या कलालाकडून दोन घागरी आणा आणि आपल्या मडक्यात ओता. मडक्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

खोटं कशाला सांगा, हैबतीने त्यावर सबंध दिवस विचार केला. कलालाची सुरा चांगली होती. कुणाला कळलंही नसतं. संध्याकाळी मंजुळा जवळ येऊन बसली. तिने एवढंच विचारलं, "बाबा, जमेल ना तुम्हाला?"

"जमवतो," हैबती म्हणाला आणि उठून जात्यावर बसला.

या वेळी मडकं त्याने न सांगता तीनदा घासलं. पाण्यात बोट बुडवून 'एक' म्हटलं. घोंगडी गुंडाळली, रस गाळला, उकळला, निववला, विरजण घातलं, फडकं बांधलं. मग घरातल्या सगळ्या पळ्या, डाव आणि चमचे गोळा केले आणि ठकूच्या स्वाधीन केले. "आठ दिवस मला देऊ नका, ठकूबाई." घरात आठ दिवस आमटी वाटीने वाढली गेली. द्वारका करवादली, पण हैबती बधला नाही.

दुसऱ्या दिवशी मडक्यातून बारीक चुळचुळ ऐकू आली. हैबती मडक्याला कान लावून बसला. आत फेस उठत होता, बुडबुडे फुटत होते, आणि बाहेर तो एकटाच हसत होता. झाकणाकडे हात गेला की तो हात मांडीखाली घाली. आठव्या दिवशी त्याने ठकूबाईंना बोलावलं आणि त्यांच्यासमोर फडकं सोडलं. वर पांढरा फेस, खाली सोनेरी सुरा आणि वास ताज्या भाकरीचा. हैबतीने एक घोट घेतला. मग तो परसात गेला, दोन फेऱ्या मारल्या आणि डोळे पुसून आत आला. ठकूबाईंनीही घोट घेतला. "जाली," त्या म्हणाल्या. महाराजांनी दिलेल्या शालींपेक्षा त्याला तो एक शब्द मोठा वाटला.

सोयरिकीच्या दिवशी भोरकड्याला मांडव पडला होता. आपल्या आचाऱ्याच्या मुलीची सोयरीक म्हणून महाराज स्वतः आले होते. मुलाकडच्या थोरल्या म्हणजे भागूआत्या, मुलाच्या आजोबांची बहीण. अंगाने काटकुळ्या, नजर मात्र सुईसारखी. हैबतीने ठकूबाईंच्या हातून ते लहानसं मडकं घेतलं आणि आत्यांच्या वाटीत सुरा ओतली.

भागूआत्यांनी वाटी उचलली, वास घेतला. पण ओठाला लावली नाही. "पावनं, ह्याच्या आदी किती मडकी नासली?"

हैबती तोंड उघडणार, तोच महाराज मोठ्याने हसले. "आत्या, हे काय विचारता? आमच्या हैबतीच्या हातचं आजवर काही नासलं नाही!"

मांडवातले सगळे मान डोलवू लागले. 'एकही नाही' म्हणणं किती सोपं होतं! 'दोन' म्हटलं, तर चारचौघांत महाराजांचा शब्द खोटा पडणार. तीस वर्षांचं नाव जाणार. आणि एवढं करून आत्यांना वाटलं, की ज्या बापाला दोनदा जमलं नाही त्याच्या मुलीला काय जमणार, तर सोयरीकही मोडणार. खरं ठाऊक होतं ते घरच्या माणसांना आणि ठकूबाईंना. ठकूबाई जमिनीकडे पाहत उभ्या होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या.

हैबतीने मडक्याकडे पाहिलं. ते त्याने स्वतः घासलं होतं. त्यातल्या सुरेसाठी तो आठ दिवस हातावर बसून राहिला होता. त्याच्याशेजारी उभं राहून खोटं बोलायची त्याला लाज वाटली.

"महाराज, माफी असावी," तो म्हणाला. "दोन नासली, आत्या. पहिलं मी पेजेसारखं उकळलं. मला वाटलं, मला सगळं येतं. ते म्हशीनेसुद्धा खाल्लं नाही. दुसरं मी चाखून चाखून आंबट केलं. हे तिसरं. हेसुद्धा मला आलं नसतं. या ठकूबाईंनी शिकवलं. चौदा वर्षं या माझी भांडी घासतात, आणि मी यांना कधी काही विचारलं नव्हतं. पण आत्या, या मडक्यातलं सगळं मी माझ्या हाताने केलंय. कसंही असलं तरी माझं आहे."

एवढं बोलून तो थांबला. महाराजांच्या कपाळाला आठी पडली होती.

भागूआत्यांनी वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि वाटी रिकामी करून उपडी ठेवली.

"गेल्या साली एक सरदार आलता," त्या म्हणाल्या. "मोटं नकशीचं मडकं घिऊन. किती नासली म्हनून इचारलं, तर म्हनला, येक बी न्हाई. मी वाटी तशीच खाली ठिवली. आरं, सुरा पयल्या डावाला कुनाला जमलीया? ज्याची कदी नासली न्हाई, त्यानं ती कदी केलेलीच न्हाई." मग त्यांनी हैबतीकडे पाहिलं. "वाईच पातळ जालीया. पन तुजीच हाय. पोरगी आमची जाली."

मांडवात एकच गलका उठला. मंजुळा मुलींच्या घोळक्यातून उठली आणि सगळ्यांदेखत बापाच्या गळ्यात पडली. "माझ्या बाबांनी केली!" ती ज्याला त्याला सांगत सुटली. हैबतीने पहिली वाटी ठकूबाईंना दिली, मग महाराजांना, मग मांडवातल्या प्रत्येकाला एकेक घोट.

महाराजांनी आपली वाटी सावकाश संपवली. त्यांच्या कपाळावरची आठी कधीच गेली होती. त्यांनी वाटी पुढे केली. "हैबती, आणखी."

"संपली, महाराज," हैबती म्हणाला. "एवढीच केली होती."

महाराजांना असं उत्तर जन्मात कुणी दिलं नव्हतं. त्यांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं, वाटीच्या तळाशी बोट फिरवलं आणि ते चाटलं. हैबतीने ते पाहिलं, आणि अभिमानाने त्याचा ऊर भरून आला.

तात्पर्य: आपल्या चुका ज्याला चारचौघांत मोजून सांगता येतात, त्यालाच आपल्या कामाचा अभिमान शोभतो; बाकीच्यांचा तो नुसता तोरा.