दणकोजीराजांची घूस-दर्शन योजना

काटेबनात दणकोजी अस्वल राज्य करायचे. राज्यात लोकशाही होती, म्हणून ते दर वेळी निवडून येऊन राज्य करायचे.

गेल्या उन्हाळ्यात धान्याच्या कोठारात एक घूस शिरली. सेनापती मुसंडेराव रानडुकरांची अख्खी फौज घेऊन तिच्यावर धावून गेले. कोठार पडलं, तळ्याचा बांध फुटला, सशांची वस्ती सपाट झाली. घूस मागच्या बाजूने निघून गेली. राजधानीत विजयाची मिरवणूक निघाली आणि तीत पुढे लंगडायचा मान सशांना मिळाला.

त्यांचे मोडलेले पाय बांधताना राजवैद्य गोदाक्का साळिंदर यांचा जीव कळवळला. त्या तडक दरबारात गेल्या.

"महाराज, अंगात जंतू शिरला की कधी कधी जंतू बाजूला राहतो. त्याला हाकलायला उठलेलं अंगच पिसाळतं आणि स्वतःचा घात करतं. आपल्या राज्याचं तेच झालंय."

"मग औषध?"

"आधीपासून थोडी सवय. एखादी बिनदाताची म्हातारी घूस आणायची आणि रोज फौजेसमोरून फिरवायची. लसच समजा."

"म्हणजे शत्रूला भत्ता द्यायचा?" मुसंडेराव गुरगुरले.

"भत्ता नको, भाकरी पुरे. तीही भिजवून."

दरबारात 'घुसखोर चले जाव'च्या घोषणा झाल्या. पण योजनेला आपलं नाव मिळतंय म्हटल्यावर महाराजांनी ती मंजूर केली.

पहिल्या दिवशी भीमाबाई घूस मैदानात आली आणि फौजेने मुसंडी मारून स्वतःचीच छावणी पाडली. भीमाबाई भाकरी चघळत बसली. पावसाळा सरेपर्यंत मात्र डुकरं शिकली. दोघांनी बिळाचं तोंड अडवायचं, एकाने मागून जायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं.

"बसून राहणं फार अवघड हो, अक्का," मुसंडेराव घाम पुसत म्हणाले.

मग एका दुपारी खरोखरच घुशींची टोळी आली, सगळ्या दातांसकट. डुकरं हळूच उठली. बिळं अडली, टोळी पकडली गेली. कोठारातला एक दाणा सांडला नाही, सशांची झोपही मोडली नाही. गोदाक्कांनी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं.

संध्याकाळी महाराजांचं बोलावणं आलं. निवडणूक तोंडावर होती.

"हल्ला झाला आणि कुणाला कळलंच नाही?" महाराज खिन्नपणे म्हणाले. "मग मी वाचवलं कुणाला?"

"सगळ्यांना, महाराज."

"ते त्यांना कसं कळणार? नाही अक्का, योजना बंद. पुढच्या वेळी फौज एखाद्या वस्तीवरून गेलीच पाहिजे."

गोदाक्कांचे काटे उभे राहिले. "कुणाच्या वस्तीवरून?"

"घाई नाही," महाराज म्हणाले. "निकाल लागू दे. कुठून मतं कमी पडली, ते बघून ठरवू."